गोळीचे कूळ

खामगावच्या चांदीबाजारात केवळ नक्षी पाहून कोणी भाव ठरवीत नाही. आधी टंच विचारला जातो. औषधाच्या बाबतीत मात्र पेढीवरची चाणाक्ष माणसेही पट्टीवरील व्यापारी नावावरच थांबतात. त्याच पट्टीवर औषधाचे मूळ नावही छापलेले असते. माल तो; वरचे नाव केवळ छाप.

माझी पुतणी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. सुटीत तिने सासूबाईंचा औषधांचा डबा आवरायला घेतला. दोन पट्ट्या निघाल्या : एक गावातल्या डॉक्टरांची, दुसरी अकोल्याच्या तज्ज्ञांची. रंग निराळे, कंपन्या निराळ्या. आत मात्र दोन्हींत टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम. आठवडाभर उठताना येणाऱ्या भोवळीला आम्ही उन्हाळ्याचे कारण देत होतो. डॉक्टरांना तत्काळ विचारले. त्यांनी एक गोळी बंद केली आणि भोवळ थांबली.

"काकू, शेवटची अक्षरे पाहत जा. तेच औषधाचे आडनाव," ती म्हणाली. लोसार्टन, टेल्मिसार्टन हे एका कुळातले. एनालाप्रिल, रामिप्रिल दुसऱ्या. अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल तिसऱ्या. तिन्ही रक्तदाबावर चालतात, पण प्रत्येकाची वाट वेगळी. 'प्राझोल' बहुधा आम्लपित्ताचे, 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ साली अशा नावांची पहिली यादी काढली. खतावणीत खाती पाडतो, तशीच ही वर्गवारी. अर्थात पॅरासिटामॉलसारख्या काहींना असे सोयीचे आडनाव नाही.

आपल्या घरांत खरा पेच चौविहाराचा. 'दिवसातून तीनदा' यातली तिसरी वेळ सूर्यास्तानंतर येते. येथे अर्धायुकाल हा शब्द समजून घेण्यासारखा आहे : रक्तातील औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलचा तो दोन-तीन तास, अ‍ॅम्लोडिपिनचा तीस ते पन्नास. म्हणून अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून एकदाच पुरते आणि डॉक्टरांच्या संमतीने सकाळी घेता येते. अ‍ॅमॉक्सिसिलिन मात्र शरीरातून लवकर बाहेर पडते. सूर्यास्तापूर्वी दोन मात्रा एकदम घेऊन रात्रीची उणीव भरत नाही. आपला नियम डॉक्टरांना आधीच सांगावा. कमी वेळा घ्यावे लागणारे औषध पुष्कळदा निघते. गोळीच्या नावापुढे 'एसआर' असेल, तर ती सावकाश विरघळणारी असते. ती कुटून पाण्यात कालवू नये.

पट्टीवर तांबडी उभी रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीवाचून देता येत नाही. त्यांतील 'एच१' अनुसूचीतील औषधांची विक्री दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीच्या दुकानदाराकडे आग्रह धरणाऱ्यांना ही वही ठाऊक नसते.

राहिली कॅप्सूल. तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. वनस्पतिज सेल्युलोजची आवरणेही निघाली आहेत, आणि पुष्कळ औषधे गोळीच्या रूपातही मिळतात. चिठ्ठी लिहिली जात असतानाच हे विचारावे. घरी येऊन कॅप्सूल फोडून भुकटी घेणे काही औषधांत घातक ठरते.