सोन्याच्या गावातील रुग्णालय

बेंगळुरूहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बंगारपेट जंक्शन लागते. तेथून फुटणारी छोटी शाखा उरगाम, चॅम्पियन अशी स्थानके घेत मारिकुप्पमला संपते. या मार्गावरील गाड्या सकाळी भरून बेंगळुरूकडे जातात आणि रात्री भरून परततात. कारण गावात रोजगार उरलेला नाही. वाटेत राखी रंगाच्या टेकड्या दिसतात. त्या निसर्गाने घडविलेल्या नव्हेत. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाच्या भुकटीचे ते ढीग आहेत. हेच कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स.

१८८० च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने येथे पद्धतशीर खाणकाम आरंभिले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून या खाणींसाठी वीज आणली गेली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. सव्वाशे वर्षांच्या अवधीत आठशे टनांच्या आसपास सोने येथून निघाले. पुढे उत्पादनखर्च उत्पन्नाच्या पुढे गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्स लिमिटेडने काम थांबविले.

सराफी पेढीवर सोने गुंजभरही चुकू नये म्हणून काटा पुन्हा पुन्हा पाहिला जातो. त्या काट्यावर एक वजन मात्र कधीच येत नाही. खडक फोडताना उडणारी सूक्ष्म धूळ कामगाराच्या फुप्फुसांत बसते, तेथे व्रण धरते आणि श्वास आखूड करीत जाते. या विकारास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उतारा नाही. शिवाय अशा रुग्णास क्षय जडण्याचा धोका अधिक. भारतात या रोगाची पहिली नोंद १९४७ साली कोलारच्या खाणींतूनच झाली, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तके सांगतात. खाण बंद झाली तरी फुप्फुसातील धूळ निघून जात नाही.

कामगारांसाठी कंपनीने येथे मोठे रुग्णालय चालविले होते. खाणींबरोबर त्याचीही दारे मिटली. रुग्णांची सर्वाधिक निकड असलेल्या काळातच औषधशाळेला कुलूप लागले. वीस वर्षे दालने धूळ खात पडली. मग २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली आणि खाटा कोठेच मिळेनात. त्या वेळी गावातील स्वयंसेवकांनी एकत्र येऊन सुमारे दोन आठवड्यांत ही वास्तू झाडूनपुसून उभी केली आणि ती कोरोनाबाधितांच्या उपचारांसाठी खुली झाली. वीस वर्षांत जे जमले नव्हते, ते निकडीपुढे पंधरवड्यात जमले.

या घटनेचा हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागतो. पडीक वास्तू पुन्हा उपयोगात येऊ शकते, ही झाली जमेची बाजू. भिंती, छप्पर, पाण्याची सोय या गोष्टी आधीच उभ्या असल्याने भांडवली खर्च वाचतो. परंतु रुग्णालय भिंतींवर चालत नाही. ते चालते दरमहाच्या खर्चावर : परिचारिकेचे वेतन, औषधांची भरती, वीजबिल, क्ष-किरण यंत्राची देखभाल. साथीच्या काळात हा भार सर्वांनी मिळून पेलला जातो. साथ ओसरली की तो कोणाच्याच नावावर नसतो. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर कोरता येते, परिचारिकेच्या बाराव्या महिन्याच्या पगारावर ते कोरता येत नाही. म्हणून पहिले दान सहज मिळते आणि दुसऱ्यासाठी हात आखडतात.

अशा गावाला शेकडो खाटांची गरज नाही. दोन-चार स्वच्छ खोल्या, ठरलेल्या वारी येणारा डॉक्टर, थुंकीची तपासणी, धाप लागलेल्यास प्राणवायू आणि घरी जाऊन वृद्धांची विचारपूस करणारी एक परिचारिका, एवढे अखंड चालले तरी पुष्कळ होय. आरंभी इमारतीच्या डागडुजीसाठी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच पुढील खर्चासाठी कायम ठेव म्हणून बाजूला ठेवली आणि व्याजातून वेतन भागविले, तर कुलूप पुन्हा लागण्याचा प्रसंग टळेल.

संध्याकाळी गाडी मारिकुप्पमच्या अखेरच्या स्थानकात थांबते. तरुण मंडळी उतरून झपाझप घरची वाट धरतात. ज्यांनी सोने काढले, त्या पिढीला चार पावलांवर थांबून श्वास घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी दवाखान्याचे दार जवळ असावे आणि ते उघडे असावे, हे त्या सोन्याचे देणे आहे.