बाटलीचा रुपया कोणाचा?

गेल्या 14 एप्रिलची गोष्ट. अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करण्यासाठी जनसागर लोटला होता. आमच्या मंडळाने पाण्याच्या बाटल्या वाटल्या. ऊन कडक, बाटल्या दुपारीच संपल्या. रात्री मांडव आवरताना पाहिले, तर रस्ताभर रिकाम्या बाटल्या, आणि साठी उलटलेल्या एक मावशी त्या पोत्यात भरताहेत.

मी कार्यकर्ता, बोलल्याशिवाय राहवले नाही. "जयभीम मावशी. बाबासाहेबांनी आपल्याला असली कामं सोडायला सांगितली. तुम्ही काहून करता?"

"जयभीम भाऊ. सोडतो ना! पण ह्या बाटल्या फेकल्या कोनं? तुमीच ना? म्या त उचलल्या. यावरच नातीच्या वह्या येतेत."

मी निरुत्तर झालो. आपण जयंतीचा कचरा करायचा, तो आपल्याच बाईने उचलायचा आणि वर उपदेशही तिनेच ऐकायचा!

मी पेशाने कारकून, आकडेमोड सुटत नाही. मावशींना भंगारवाल्याकडे किलोला वीस रुपये मिळतात. लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. म्हणजे चाळीस-पन्नास वेळा वाकावे तेव्हा वीस रुपये. बाटलीला फार तर अर्धा रुपया पडतो.

मग लहानपण आठवले. अकोल्याला ताईच्या मंगल परिणयाला थंड पेयाच्या काचेच्या बाटल्यांचे क्रेट आणले होते. दुकानदाराने अनामत ठेवून घेतली होती. पाहुणे उठले की बाबा स्वतः बाटल्या मोजत. दोन फुटल्या, तेवढे पैसे कापले गेले. त्या लग्नात एकही बाटली रस्त्यावर पडली नाही. आम्ही फार शिस्तीचे होतो असे नाही. बाटलीत आमचे पैसे अडकलेले होते.

हीच युक्ती जगाने कायद्यात आणली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 1971 साली असा कायदा केला. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत आहे. आपल्या देशात तामिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात 2022 पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. गोव्यानेही 2024 मध्ये अशा योजनेची अधिसूचना काढली.

महाराष्ट्र मागे नव्हता. 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. जून 2019 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळतील असे विधानसभेत सांगितले. आमच्या वस्तीत ते 50 पैसे मला आजवर कोणी दिलेले नाहीत.

अनामत आली तर मावशींची बाटली किलोवर नाही, नगावर मोजली जाईल. पण लोक स्वतःच बाटल्या परत करू लागले तर मावशींचे काय? म्हणून गोळा करण्याचे आणि मोजण्याचे कामच या भगिनींच्या हाती, ओळखपत्र आणि ठरलेल्या मोबदल्यासह दिले पाहिजे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. कचरावेचक भगिनींनी महानगरपालिकेकडून रीतसर काम मिळवले. त्यांतल्या बहुतेक दलित समाजाच्या आहेत.

बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, कारण ते काम जन्माने लादलेले होते, त्यात मान नव्हता. ज्या कामात हक्काचा दाम आहे, संघटना आहे आणि नातीला दुसरा रस्ता मोकळा आहे, ते काम वेगळे. हा फरक मला मावशींनी शिकवला.

आमच्या मंडळाने ठरवले आहे : पुढच्या जयंतीला रांजण आणि स्टीलचे पेले ठेवायचे. बाटली द्यावीच लागली तर पाच रुपये अनामत घ्यायची, आणि बाटली जो आणील त्याच्या हातावर, काही न विचारता, पाच रुपये ठेवायचे. मोजणीच्या टेबलावर मावशी बसतील, रोजीने. मी त्यांना विचारायला गेलो तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "खुर्ची देशीन ना भाऊ?"

आपल्या विहारात, आपल्या मंडळात हा ठराव घ्या. खुर्चीसकट घ्या.

जयभीम!