उदेभानाची भूक

पोलादपूर तालुक्यातले उमरठे हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी पडले आणि त्याच लढाईत मोगलांचा किल्लेदार उदयभान राठोडही पडला. हा उदयभान राजपूत. पण शाहीर तुळशीदासाच्या नावावर असलेल्या पोवाड्यात तो राजपूत राहत नाही. तिथे तो पठाणी थाटाचा उदेभान होतो, त्याला अठरा बायका मिळतात आणि त्याच्या जेवणात गाई-मेंढ्या आणि मणाच्या मापाने भात येतो. शाहिराला दोष देण्यात अर्थ नाही. डफावर थाप पडली आहे, समोर गर्दी बसली आहे, अशा वेळी शत्रूचे कूळ आणि त्याच्या मनाची घालमेल सांगत बसायला सवड कुणाला? भूक वाढवली, बायका वाढवल्या, की समोरचा माणूस वेगळ्याच योनीतला वाटू लागतो आणि त्याला मारताना कुणाच्या पोटात कालवत नाही. आपल्याकडच्या वाचत्या पोराच्या आयुष्यात हा उदेभान वेगवेगळ्या वेषांत येत राहतो. आधी आजीच्या गोष्टीतला माणूसखाऊ राक्षस म्हणून, मग चौथीच्या इतिहासात धिप्पाड खान म्हणून, पुढे वाचनालयातल्या जाडजूड कादंबरीत, आणि अलीकडे मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावरच्या खेळांत ऑर्क नावाचा राक्षस म्हणून. माझे म्हणणे असे की, या प्रवासात उदेभानाला माणूस करायची खरी संधी एकट्या कादंबरीला मिळते, आणि ती तिला प्रतिभेपेक्षा रोजच्या कामामुळे मिळते. खेळाला ती सहसा मिळत नाही, कारण त्याच्या मुळाशी वंशावरून गुण वाटणारा तक्ता असतो.

हा तक्ता अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून जगभर पसरला. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क ही मंडळी बरीचशी टोल्किनच्या कादंबऱ्यांतून उचललेली. ‘हॉबिट’ हे नाव तर टोल्किनच्या हक्कदारांच्या तक्रारीमुळे बदलून ‘हाफलिंग’ करावे लागले. खेळाडूने आधी आपला वंश निवडायचा आणि वंशाबरोबर गुण पदरात पडायचे. २०१४ च्या नियमपुस्तकात एल्फला चपळाईचे दोन गुण जास्त, ड्वार्फला काटकपणाचे दोन, अर्ध्या ऑर्कला ताकदीचे दोन. २०१६ च्या एका पुरवणी पुस्तकात ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण कापलेलेही होते. यातला विनोद वयाच्या रकान्यात आहे. एल्फ शंभराच्या आसपास वयात येतो आणि साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो. तरीही असा शंभरीचा एल्फ आणि अठरा वर्षांचा माणूस खेळाच्या पहिल्या पायरीवर शेजारीशेजारी उभे राहतात, आणि दोघांनाही सारखेच थोडके येत असते. मग एल्फने ही शंभर वर्षे केले काय? पोलादपूरशेजारच्या महाडच्या हिशेबात बोलायचे तर १६७४ चा राज्याभिषेक रायगडावर उभा राहून पाहिलेला तरणा एल्फ आज ऐन कर्तेपणात असायला हवा. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तोच गड पडला, १९२७ मध्ये चवदार तळे पेटले, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेले, हे सगळे त्याच्या एकट्याच्या आठवणीत. इतके पाहिलेला जीव बोलेल कसा, कुणाला जीव लावेल का, पावसाळा आला की त्याला झोप लागेल का? तक्ता एवढेच सांगतो की त्याला धनुष्य बरे चालवता येते.

हे प्रश्न कादंबरीकाराला टाळता येत नाहीत, आणि त्याचे कारण त्याच्या दिनक्रमात आहे. हरिभाऊ आपटे पुण्यात आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत. तिथून संस्कृत ग्रंथ छापून निघत, त्या कामाचा रगाडा वेगळा. नगरपालिकेचे काम होते, तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या सगळ्याच्या फटीत १८९० पासून दोन तपांहून अधिक काळ त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवले आणि त्याच्या अंकाअंकातून कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या कित्येक अपुऱ्या राहिल्या यात नवल नाही. पण हप्त्याने लिहिणाऱ्याला एक सक्ती असते. पोवाड्यात उदेभान एका रात्रीत येऊन मरतो, कादंबरीत तो पुढच्या आठवड्यापर्यंत जगवावा लागतो. त्याला झोपेतून उठवावे लागते, कुणाशी तरी बोलवावे लागते, त्याच्या दुष्टपणाला कारण शोधावे लागते. ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये हरिभाऊंनी त्याला पुन्हा राजपूत केले आणि कमलकुमारीचा हव्यास दिला. खलनायक तो राहिलाच, पण त्याची भूक आता मणात मोजायची उरली नाही. माणसाला असते तसली ती भूक झाली. नाथमाधवांचे उदाहरण याहून बोलके आहे. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले, आणि बहुतेक सगळे लेखन त्यांनी त्यानंतर केले. अद्भुताने भरलेली ‘वीरधवल’ त्यातलीच. तलवारबाजी आणि भुयारे लिहिणाऱ्या या लेखकाचा दिवस दुसऱ्याच्या हाताने उठण्या-बसण्यात जात होता. अद्भुतरम्य कादंबरी म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावे. अर्थात दोघांनाही साचेबंदपणाच्या रोगातून पूर्ण मोकळे म्हणता येणार नाही. हरिभाऊंचा मावळा बहुतेक वेळा निष्ठावंतच असतो, नाथमाधवांचा सज्जन पहिल्या पानापासून सज्जन असतो. पण जिथे पात्र लेखकाच्या टेबलाशी महिनोन्‌महिने बसून राहिले, तिथे साच्याला तडा गेलेला दिसतो.

यावर कुणी म्हणेल, साचे आपल्या पुराणांतही आहेत; देव, दैत्य, राक्षस, वानर हे वंशच नव्हेत काय? आहेत खरे. पण पुराणकारांना तक्ता पाळता आलेला नाही, आणि यातच त्यांची थोरवी आहे. प्रल्हाद असुराच्या पोटी येतो. बिभीषण राक्षसकुळातला, आणि खुद्द रावण बापाकडून विश्रवा ऋषीचा मुलगा. हिडिंबेचा घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. बळी तर दैत्यांचा राजा, पण दिवाळीत आपल्या आयाबाया वामनाचे राज्य मागत नाहीत, बळीचे मागतात. राक्षस हा शब्द एकदा उच्चारला की पुढची गोष्ट ठरली, असे या कथांत क्वचितच होते. टोल्किनलाही हा काटा सलत होता. जन्मजात दुष्ट आणि उद्धाराची वाटच नसलेला ऑर्क त्याच्या धर्मश्रद्धेत बसेना, आणि ऑर्क मुळात आले कुठून, याची उत्तरे तो उतारवयापर्यंत बदलत राहिला. खेळ काढणाऱ्यांनी त्याचे ऑर्क घेतले, त्याची अस्वस्थता मागेच ठेवली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खेळ हा खेळ, त्यात कसली जातपात शोधता? ऑर्क मारणारा मुलगा उद्या शेजाऱ्याला मारायला निघतो असे मीही म्हणत नाही. पण जन्मावरून गुण ठरवणारा तक्ता काय करू शकतो हे महाडला निराळे शिकवावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले, तरी गुराढोरांना चालणारे चवदार तळ्याचे पाणी काही माणसांना चालत नव्हते. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक ते पाणी प्यायले. त्यांच्यावर हल्ले झाले आणि मग तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून ‘शुद्धी’ करण्यात आली. घागरी मोजून विटाळ काढता येतो, ही समजूत पाहिली की खेळातले मंत्र-तंत्र फारच सौम्य वाटू लागतात. इंग्रज सरकारही मागे नव्हते. १८७१ च्या कायद्याने त्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि हा शिक्का १९५२ पर्यंत टिकला. खेळात चोर हा पेशा खेळाडू निवडतो, इथे तो पाळण्यातच मिळत होता. या दोन्ही तक्त्यांना खोटे पाडणारी माणसे मात्र प्रत्येक वेळी भेटतात. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते. त्या परिषदेचा कुणी खेळ केला असता आणि वंशावरून बाजू वाटल्या असत्या, तर हे दोघेही पलीकडच्या गोटात गेले असते.

खेळ काढणारे अगदीच बहिरे नाहीत, हेही सांगायला हवे. ऑर्कची कापलेली बुद्धी २०२० मध्ये परत करण्यात आली. २०२२ च्या अखेरीस वंश हा शब्दच टाकून देण्याचे जाहीर झाले, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात जादा गुण जन्मावरून काढून पूर्वायुष्याला जोडले गेले. म्हणजे आता तुम्ही कोण जन्मलात यापेक्षा काय करत होतात ते महत्त्वाचे. इथे टाळी वाजवणार, तोच नजर शेतकऱ्याच्या ओळीवर जाते. शेतकऱ्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतून वाढ मिळते, बुद्धीत नाही. ती विद्वानाकडे. जन्म गेला आणि धंदा आला. अमेरिकेतल्या वाचकाला ही सुधारणा वाटेल, पण बलुतेदारी पाहिलेल्या मुलखाला हा रस्ता कुठे जातो ते ठाऊक आहे. शिवाय ज्याने ही ओळ लिहिली त्याने पोलादपूरच्या उतारावर एक हंगाम काढायला हवा होता. पाऊस पडण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, कवळ, शेण यांचे थर रचून राब भाजायचा. थर जाड झाला तर माती करपते, पातळ झाला तर तण राहते आणि रोप दबते. पाऊस कधी येईल याचा अंदाज बांधून पेरायचे, रोप किती दिवसांचे झाले की लावणीला काढायचे ते वाणावर ठरते. वरच्या वरकस जमिनीत नाचणी घेतली की पुढे वरी, मग ती जमीन काही वर्षे मोकळी टाकायची, आणि कुठला तुकडा केव्हा सोडला होता हे सगळे डोक्यात ठेवायचे, कागद नाही. याला बुद्धी म्हणायचे नसेल तर बुद्धीचा रकानाच काढून टाकलेला बरा.

फरकच नसतील तर खेळाला चव काय राहणार, हा शेवटचा आक्षेप, आणि तो निम्मा खरा आहे. सगळी पात्रे सारखी असलेला खेळ कुणी खेळणार नाही, तशी कादंबरीही कुणी वाचणार नाही. प्रश्न फरक कुठून आणायचा एवढाच आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांबरोबर जे दहा अंगरक्षक होते असे सांगतात, त्यांत न्हावी समाजातला जिवा महाला होता आणि सिद्दी इब्राहिमही होता. पलीकडे खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, आणि खानाच्या फौजेत मराठे सरदारही होते. ही माणसे एकमेकांहून वेगळी होती यात शंका नाही, पण कोण कुणाच्या बाजूला उभा राहील हे कुळावरून सांगू म्हणणाऱ्याचा अंदाज त्या दिवशी साफ चुकला असता. कुणी कुठले वतन धरले होते, कुणाचे कुणाशी भांडण होते, कुणाचा शब्द कुणी मोडला होता, यातून बाजू ठरल्या होत्या. ही चव तक्त्यातल्या अधिक दोन आणि उणे दोनपेक्षा पुष्कळ तिखट आहे.

आता सह्याद्रीवरचे खेळ मराठी मुले स्वतः बनवू लागतील, आणि मावळ्याला ताकद, सिद्दीला दर्यावर्दीपण, पठाणाला क्रौर्य असे गुण वाटण्याचा मोह त्यांना होणारच. त्यांना एवढीच विनंती आहे की त्या दहा जणांतला एक कुणी निवडावा, जमल्यास सिद्दी इब्राहिम, आणि लढाई नसलेला त्याचा एक साधा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत लिहून काढावा. त्यानंतरही तक्ता करावासा वाटला तर खुशाल करावा.