दोन इंचांची गोष्ट

गेल्या महिन्यात आमचा नातू निखिल पुण्याहून आला, तो डोक्यात नवे खूळ घेऊनच. त्याच्याकडे थार आहे. म्हणाला, "आबा, गाडीला लिफ्ट किट बसवतोय. दोन इंच वर उचलणार."

मी विचारले, "आहे तशी चालत नाही का?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

चौतीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला हे वाक्य फार झोंबते. म्हटले, मग समजावून सांग.

त्याने सांगितलेले मला उमगले ते असे. स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर जास्त लांबीचे बसवायचे, म्हणजे गाडीचा सांगाडा चाकांपासून वर उचलला जातो. मग दगडधोंड्यांत गाडीचे पोट टेकत नाही, चढाच्या तोंडाशी नाक आपटत नाही, आणि मोठे टायर बसवायला जागा होते. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर हिंडणाऱ्या पोराला याचा मोह पडणारच. त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते.

तरी मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे त्याला घेऊन गेलो. मिस्त्री हसले. म्हणाले, "गुरुजी, मागच्या दोन चाकांना जोडणारा अॅक्सल अखंड आहे. त्याच्या मध्यावरचा गोळा आहे तिथेच राहणार. स्प्रिंगा कितीही लांब करा, तो वर येत नाही. दगड आधी त्यालाच लागतो. तो उचलायचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायर दोन इंच उंच घेतला तर गोळा उचलणार एकच इंच!" शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे सांधे लवकर झिजतात, ब्रेकचे पाइप ताणले जातात, स्टेअरिंगची ठेवण बिघडली तर गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे सगळे नीट जुळवून घ्यावे लागते. नुसत्या स्प्रिंगा बदलून भागत नाही.

मला मात्र वेगळेच आठवत होते. १९५९ साल असेल. आमच्या शेतातून कडब्याची बैलगाडी घरी येत होती. दोन खेपा वाचवाव्यात म्हणून वडिलांनी गाडी नेहमीपेक्षा उंच रचली होती. वर दादा बसला होता, मी मागून चालत होतो. ओढ्याच्या उतारावर एक चाक खड्ड्यात गेले, एवढेच. गाडी हळूच कलली आणि आडवी झाली. चाकांमधले अंतर रोजचेच होते, भार तेवढा वर गेला होता. दादाचा पाय मोडला. तो पुढे आयुष्यभर लंगडत चालला. वडील त्या उताराचे नाव कधी काढत नसत.

मी हे निखिलला सांगितले. दादा त्याचा थोरला आजोबा. त्याचे लंगडणे निखिलने लहानपणी पाहिले होते, कारण त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प होता.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच बदलाकडे बोट दाखवणार.

थारची जमिनीपासूनची उंची मुळातच २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच आहे. "एवढ्यात भागत नाही अशा वाटेवर तू महिन्यातून किती वेळा जातोस?" मी विचारले. तो म्हणाला, "वर्षातून दोनदा." मग आपणच हसला.

मी त्याला नको म्हटले नाही. तिशीतल्या माणसाला नको म्हणणारा मी कोण? त्याने सध्या बेत पुढे ढकलला आहे.

परत जायच्या दिवशी आम्ही शेताकडे गेलो. त्याच ओढ्याच्या उतारावर त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, वाट चालून पाहिली, एक दगड बाजूला केला आणि मग गाडी घातली.

मला दादाची फार आठवण झाली. असो.