सोडलेली हवा परत भरताना

गाडी आडवाटेला घालायच्या आधी टायरमधली हवा कमी करावी, हे आता पुण्यातल्या बहुतेक थार-गुरखावाल्यांना माहीत झालं आहे. मऊ टायर जमिनीला जास्त लांबीने टेकतं, बेसाल्टच्या कडेला धरून राहतं, आणि काळ्या मातीच्या चिखलात त्याची नक्षी दबत-उघडत राहिल्याने अडकलेली माती सुटून पडते. हवा सोडायला एक बारीक काडी पुरते. ती परत भरायची सोय काय, असं विचारलं की बरेच जण डिकीतल्या छोट्या प्लास्टिकच्या पंपाकडे बोट दाखवतात. हा लेख त्या पंपाविषयी आणि त्याच्या जागी काय असावं याविषयी आहे.

गाड्यांवर हवेची यंत्रणा बसवणं हा माझा व्यवसाय. सदाशिव पेठेत, नागनाथ पाराजवळच्या बोळात माझी खोली आहे. तिथे जीप शिरत नाही, म्हणून गाड्या सिंहगड रस्त्यावरच्या शेडमध्ये उभ्या असतात. पण होस, गेज, रिले, प्रेशर स्विच यांची जुळणी आणि चाचणी पेठेतल्या खोलीतच होते. जाड वायर तपकीर गल्लीतून येते, सुटे भाग नाना पेठेतून, न्यूमॅटिक फिटिंग भोसरीहून. १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिकही याच गावातली. दाबलेल्या हवेचं काम जाणणारे कारागीर पुण्यात हाकेच्या अंतरावर मिळतात, याचं मला फार मोल वाटतं.

आधी हवा परत भरण्याची निकड सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त हलगर्जी होते. वेल्हे, मुळशी, भोर या भागातल्या आपल्या वाटा शेवटी डांबरी घाटरस्त्यालाच लागतात. १८ पीएसआयवर चिखल उत्तम पार होतो. त्याच हवेवर ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरायला लागलात की साइडवॉल प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि आतले थर सुटू लागतात. जोरात वळण घेतलं तर टायरची रिममध्ये बसणारी कड, म्हणजे बीड, रिमवरून निसटू शकते. ‘पुढे पेट्रोल पंप येईल, तिथे भरू’ या भरवशावर लोक वीस-पंचवीस किलोमीटर तसेच जातात. त्या दिवशी काहीच होत नाही. टायर फुटतं नंतर कधीतरी, भर वेगात, आणि दोष दिला जातो रस्त्यावरच्या खिळ्याला. असं टायर रिमवरून उतरवलं की आत रबराचा काळा भुगा सापडतो. तो दिसला की ते टायर कमी हवेवर पळवलं गेलं आहे हे नक्की समजावं.

आता किती हवा लागते ते पाहू. थारच्या २५५/६५ आर १८ मापाच्या टायरची आतली जागा साधारण ७० लिटर. १८ वरून ३२ पीएसआयपर्यंत जायचं, म्हणजे दाब जवळजवळ एका वातावरणाने वाढवायचा. एका टायरला ६५ ते ७० लिटर मोकळी हवा आत ढकलावी लागते, चारांना मिळून पावणेतीनशेच्या आसपास. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘१५० पीएसआय’ हा आकडा इथे काही उपयोगाचा नाही, कारण तुम्हाला तेवढा दाब लागतच नाही. विचारायचं ते हे की ३० पीएसआयच्या भारावर मिनिटाला किती लिटर. लायटरच्या सॉकेटला सहसा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या पंपाच्या ताकदीला तिथेच मर्यादा पडते. असा पंप भाराखाली मिनिटाला १५ लिटर देत असेल तर नुसतं चालण्यालाच अठरा मिनिटं गेली. त्यात तो मध्येच तापून थांबतो. हवा दाबली की तापते, हा निसर्गनियम आहे. छोट्या सिलिंडरला ती उष्णता बाहेर टाकायला अंगच नसतं.

म्हणून मी बहुतेकांना थेट बॅटरीवर जोडलेला, पक्का बसवलेला १२ व्होल्टचा मोठा कॉम्प्रेसर सुचवतो. तो ३० ते ५० अँपिअर ओढतो, आणि खरी कसोटी वायरिंगची असते. बॅटरीपासून तीन मीटरवर अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ४० अँपिअरला जाता-येता दीड व्होल्टहून जास्त वायरमध्येच खर्ची पडतो. मोटर दमते, तापते, आणि लोक कॉम्प्रेसर बदलतात. १० चौरस मिलिमीटरची वायर टाका, अर्थिंगही तितकंच जाड ठेवा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवा. हवा भरताना इंजिन चालू हवं, आणि गाडी उघड्यावर हवी. जागा म्हणाल तर बॉनेटखाली उष्णता आणि बंपरजवळ पाणी. सीटखालची कोरडी जागा मला सगळ्यात पसंत. आपलं ऑफ-रोडिंग मुख्यतः पावसाळ्यातलं असल्याने हवा ओढणाऱ्या फिल्टरचं तोंड उंच आणि कोरड्या जागी न्यावंच लागतं. लडाखला जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो: खारदुंगलाच्या उंचीवर हवा निम्म्याच्या जवळपास विरळ असते, त्यामुळे तोच कॉम्प्रेसर तिथे जवळजवळ दुप्पट वेळ घेतो. तो बिघडलेला नसतो.

टाकीविषयी मोठा गैरसमज आहे. दहा लिटरची टाकी आठ बारपर्यंत भरली, तर टायरच्या दाबाला येईपर्यंत तिच्यातून ५८ लिटरच्या आसपास हवा मिळते, म्हणजे एक टायरसुद्धा पुरतं भरत नाही. टाकीचा खरा उपयोग एअर लॉकरला (डिफरन्शियलला हवेच्या दाबाने कुलूप घालणाऱ्या यंत्रणेला), आणि निसटलेली बीड एका झटक्यात रिमवर बसवायला. बीड बसवण्यासाठी टायरमध्ये पेटणारा स्प्रे मारून काडी लावणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, आणि कोणी करत असेल तर त्याला थांबवा.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची परदेशात बरीच चलती आहे, आणि कागदावर तो खरंच मोहक दिसतो. एक किलो द्रवातून ५४० लिटरच्या आसपास वायू मिळतो. म्हणजे दोन किलोच्या बाटलीत चारही टायर जवळपास चारदा भरतील, आवाज नाही, वीज नाही, एकेक टायर मिनिटाच्या आत. तरीही मी तो बसवून देत नाही. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. २० अंशांना तो आधीच ५७ बार असतो. वैशाखात उन्हात बंद उभी असलेली आपली गाडी किती तापते ते वाचकांना सांगायला नको. बाटलीची सेफ्टी डिस्क फुटली तर गाडी वाचेल, पण बंद केबिनमध्ये भरलेला वायू आतल्या माणसाला गुदमरवतो. बाटली नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मान्यतेची, मुदतीत चाचणी झालेली हवी, आणि ती भरून देणारं दुकान आडगावात मिळत नाही. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. थंड देशासाठी ठीक. मराठवाडा-विदर्भात फिरणाऱ्या गाडीसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही.

जुन्या जीपवाल्यांसाठी एक उमदा मार्ग आहे, आणि माझं मन त्यातच रमतं. जिच्यात एसी नाही अशा गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर एसीचाच कॉम्प्रेसर ब्रॅकेट करून बसवायचा आणि त्याला गॅसऐवजी हवा ओढायला लावायची. फेरीला १३०-१४० घनसेंटिमीटरचा कॉम्प्रेसर पंधराशे फेऱ्यांना, गळती-घट धरूनसुद्धा, मिनिटाला सव्वाशे लिटरच्या पुढे जातो. एसीत या यंत्राला वंगण गॅसबरोबर फिरून मिळतं; हवेत ते मिळत नाही. म्हणून आत येणाऱ्या हवेत तेलाचा थेंब सोडणारा ऑइलर आणि बाहेर तेल गाळणारा सेपरेटर, दोन्ही लागतात. ऑइलर विसरला की कॉम्प्रेसर जाम होतो, सेपरेटर विसरला की तेल टायरमध्ये जातं. बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या बरीच वर असते, तेव्हा पहिला तुकडा तांब्याच्या नळीचा. रबरी होस तिथे टिकत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि क्लच तोडणारा प्रेशर स्विच याशिवाय ही जोडणी मी कुणाच्याही हाती देत नाही.

इंजिनाची हवा टायरला देणं ही जुनीच विद्या आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या ‘डक’ या पाण्या-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरचा दाब कमी-जास्त करू शकत असे, म्हणून तो समुद्रातून थेट वाळूवर चढे. आपल्या घाटांतले ट्रकवालेही एअर ब्रेकच्या हवेतून टायर भरतात.

वाळूचं नाव निघालं म्हणून सांगतो: कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. वेळास, आंजर्ल्याला कासवं याच वाळूत अंडी घालतात, आणि हवा कमी केल्याने ती अंडी वाचत नाहीत.

या दिवाळीच्या सुट्टीत निघण्याआधी एक काम करा. सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच चारही चाकं १८ पीएसआयवर आणा आणि तुमच्याकडे जो पंप असेल त्याने दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये दिलेल्या दाबापर्यंत भरा. घड्याळ लावा, वायरला हात लावून बघा, गेज दुसऱ्या गेजशी ताडून घ्या. अर्ध्या तासाच्या आत चारही टायर भरली नाहीत किंवा वायर गरम लागली, तर आधी ते दुरुस्त करून घ्या आणि मगच वेल्ह्याच्या वाटेला लागा.