तंत्राचा कस

भारतातला तंत्राने सगळ्यात पक्का बॉक्सर कोण? बॉक्सिंग शिकवणाऱ्याला हा प्रश्न कायम विचारला जातो. कोणाची पदकं जास्त, ते मोजता येतं. कोणाचा ठोसा जड, ते पॅड धरणाऱ्याच्या मनगटाला कळतं. तंत्राच्या बाबतीत मात्र पाहायचं कशाकडे, हेच आधी ठरवावं लागतं. म्हणून पुण्यात आमच्या क्लबमधली पोरं या विषयावर हमरीतुमरीवर आली तरी मी त्यांना थांबवत नाही. भांडता भांडता ती बॉक्सिंग बघायला शिकतात.

माझ्या लेखी तंत्र पायांपासून सुरू होतं. उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे असतो, साउथपॉचा म्हणजे डावखुऱ्याचा उजवा. हे दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर पडला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते आणि समोरच्याचा मागचा हात लांब पडतो. वीतभर जागेसाठी ही झटापट सुरू असते आणि टीव्हीचा कॅमेरा तेव्हा बहुधा कमरेच्या वरच असतो. नव्या पोरांना मी दोन्ही हात पाठीमागे धरायला लावतो आणि नुसत्या पायांनी ती बाहेरची जागा घ्यायला सांगतो. ठोसा मारायची मुभा नसली की पाच मिनिटांत कळतं, कोणाला अंतराची जाण आहे आणि कोण नुसताच ताकदीवर विसंबून आहे.

या नजरेने पाहिलं तर आमच्याकडे नेहमी घेतली जाणारी तीनही नावं तोलामोलाची आहेत. विजेंदर सिंगची २००८ची बीजिंगमधली उपउपांत्य लढत घ्या. ७५ किलो गट, समोर इक्वेडोरचा डावखुरा कार्लोस गोंगोरा. विजेंदरने ती ९-४ अशी जिंकली आणि भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक पक्कं झालं. उंची आणि लांब हात अनेकांना मिळतात, पण ती लांबी लढतभर राखणं हे कसब आहे.

त्याच स्पर्धेत अखिल कुमारने ५४ किलो गटात विश्वविजेत्या सर्गेई वोडोप्यानोवला हरवलं. गुण ९-९ असे बरोबरीत सुटले आणि काउंटबॅकवर अखिल जिंकला. अखिलचा गार्ड खाली असायचा. चेहरा उघडा ठेवून तो समोरच्याला मारायला बोलवायचा आणि तो ठोसा येताना आपला काढायचा. ते पाहताना आजही अंगावर काटा येतो. तरी मी ते शिकवत नाही. त्याचा सगळा आधार नजरेवर आणि प्रतिसादाच्या वेगावर आहे, आणि शरीर एखाद्या दिवशी कणभर मंद असलं की हातात दुसरं काही उरत नाही.

तिसरा अमित पंघाल. रिओ ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव याच्याकडून तो २०१७मध्ये दोनदा हरला, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि मग जागतिक स्पर्धेत. २०१८ला जकार्ताच्या आशियाई खेळांच्या अंतिम फेरीत त्याच दुस्मातोवला त्याने पंचांच्या ३-२ अशा कौलाने हरवलं. दोघंही डावखुरे, म्हणजे बाहेरच्या पायाचा फायदा कोणालाच नाही. तिथे हूल आणि टायमिंगच कामाला येतं. वर्षभरात माणूस इतकं शिकू शकतो, हे मला त्या पदकाहून मोठं वाटतं.

मग यांतला सरस कोण? इथे गुण देण्याची पद्धत आडवी येते. बीजिंगच्या वेळी पंच बटणं दाबत. पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत दाबलं, तरच गुण. त्यामुळे लांबून मारलेला स्वच्छ, एकेरी ठोसा पदरात पडे आणि जवळ जाऊन मारलेली चार ठोशांची सर वाया जाई. २०१३पासून दहा गुणांची पद्धत आली. आता पंच पूर्ण फेरी तोलतात. ठोशांचा दर्जा पाहतात, रिंगवर हुकमत कोणाची तेही पाहतात. विजेंदरचे ९-४ आणि अमितचे ३-२ हे वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. ते शेजारी ठेवून तुलना होत नाही.

म्हणून मी कस वेगळा लावतो. नियम बदलले, वजनगट बदलला, समोरचे बदलले, तरी कोणाचं बॉक्सिंग टिकलं? असा कस लावला की माझं उत्तर मेरी कोम.

तिची सहा जागतिक सुवर्णपदकं २००२ ते २०१८ या काळातली आहेत. लंडनला २०१२मध्ये महिलांचं बॉक्सिंग प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आलं, पण गट तीनच होते आणि सगळ्यात हलका ५१ किलोचा. ४८ किलोत विश्वविजेती झालेली ही बाई तीन किलो वर सरकली. पहिल्याच लढतीत समोर पोलंडची कॅरोलिना मिखाल्चुक, जी ५४ किलोत विश्वविजेती होऊन गेली होती. मेरी ती लढत जिंकली आणि कांस्यपदकापर्यंत पोहोचली. तिला उपांत्य फेरीत हरवणाऱ्या निकोला अ‍ॅडम्सनेच पुढे सुवर्ण घेतलं.

२०१८च्या जागतिक स्पर्धेची दिल्लीतली अंतिम लढत पोरांना मी मुद्दाम दाखवतो. पद्धत दहा गुणांची, मेरी पस्तिशीत, समोर युक्रेनची हॅना ओखोटा, वयाने बरीच लहान आणि उंच. निकाल ५-० मेरीच्या बाजूने. उंच बॉक्सरला तिच्या सोयीचं अंतर मिळू द्यायचं नाही, ही त्या लढतीतली खरी शिकवण. हूल देऊन आत, दोन ठोसे, आणि समोरचीचा हात येण्याआधी बाहेर. नवखा बॉक्सर नेहमी सरळ मागे हटतो आणि त्याच रेषेवर मार खातो. तिरकं निघालं तर समोरच्याला पाय पुन्हा बसवावे लागतात, आणि तेवढ्यात पुढचा ठोसा तुमचा असतो.

सुरुवातीच्या वर्षांत महिलांच्या स्पर्धेत चुरस कमी होती, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. म्हणूनच मी पदकं मोजत नाही. लंडन आणि दिल्लीच्या लढतींना तो आक्षेप लागू होत नाही. हाच कस निखत झरीनला लावला तर तीही फार जवळ येते. २०२२ला ५२ किलो आणि २०२३ला ५० किलो, अशा दोन गटांत लागोपाठ जागतिक सुवर्ण.

या वादाने माझं शिकवणं बदललं. बुटक्या मुलीला 'घाबरू नकोस, घूस आत' असं सांगून कोणाचंही भलं होत नाही. तिला आत जायची वाट दाखवायची आणि बाहेर पडायचीही. धीर त्यातून आपोआप येतो. तुम्हाला मेरीहून पक्कं कोणी वाटत असेल तर जरूर सांगा. फक्त पदकांची यादी नको. काय काय बदलूनही त्याचं बॉक्सिंग टिकलं, तेवढं सांगा.