थंडी, पाव आणि बारावी नानकटाई

आमच्या डोंबिवलीची थंडी ती काय! पहाटे पंखा बंद करावासा वाटला की आम्ही "थंडी पडली हो" म्हणत कपाटातून शाली काढतो. पण माझ्या पावाच्या पिठाला ही एवढीशी थंडीसुद्धा बरोब्बर कळते. मे महिन्यात तासाभरात पातेल्याच्या काठाला लागणारं पीठ डिसेंबरात तीन-तीन तास ढिम्म हलत नाही. वर्गात काही मुलं असायची ना, उत्तर येत असूनही उभं राहायला वेळ लावणारी, अगदी तसं!

तुम्ही म्हणाल, 74व्या वर्षी या बाईला पाव भाजायचं कुठून सुचलं? तर लेकीने नवा मोठा ओव्हन घेतला आणि जुना माझ्याकडे आणून ठेवला. आम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, उभा जन्म समास आणि प्रयोग शिकवण्यात गेला. सहा महिने मी त्या ओव्हनमध्ये खारे दाण्यांची बरणी ठेवत होते! मग ह्यांची साखर वाढली, डॉक्टरांनी मैद्यावर काट मारली, आणि सकाळी चहाबरोबर दोन स्लाइस हवेतच अशी 40 वर्षांची सवय असलेल्या माणसाचं तोंड बघवेना.

पहिला पाव निव्वळ कणकेचा केला. यीस्ट जिवंत असतं हे वाचलेलं होतं, पण त्याच्यावर उकळतं पाणी ओतल्यावर ते जिवंत कसं राहील हा विचार काही बाईंनी केला नाही. जे बाहेर आलं ते बघून हे म्हणाले, "वाड्याची भिंत खचली तेव्हा ही वीट हवी होती." मी हसले. पण वाड्याचं नाव निघालं आणि कुठेतरी टोचलंच. त्याबद्दल पुढे सांगते.

हळूहळू जमत गेलं. पाणी बोटाला सोसेल इतकंच कोमट. आपली गिरणीतली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून पीठ सैलसर भिजवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवायचं, मग मळायचं. कोंड्यामुळे तो मैद्याच्या पावासारखा उंच फुगत नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. नाचणीचं पीठ हौसेने घालाल तर चौथा हिस्सा, त्याच्या वर नाही. नाचणीला चिकटपणा नसतो, सगळा डोलारा बसतो. आणि थंडीवर उपाय म्हणाल तर आपल्या आयांनी इडलीच्या पिठासाठी केला तोच. बंद ओव्हनमध्ये पातेलं, शेजारी गरम पाण्याचं भांडं. ओव्हन लावायचा नाही हं!

ग्रॅनोला हे नाव ऐकून मी आधी घाबरले होते. नात म्हणाली, "आजी, ओट्सचा गोड चिवडा." मग काय, चिवड्याला आम्ही कोणाला ऐकतो? ओट्स, बदामाचे काप, तीळ, भोपळ्याच्या बिया, वर थोड्या तेलात पातळ केलेला गूळ, 150 अंशावर अर्धा तास, दर दहा मिनिटांनी हलवायचं. बेदाणे बाहेर काढल्यावर घालायचे, नाहीतर त्यांच्या गोट्या होतात. फक्त एक सांगते. "गुळाचं आहे, मधुमेहाला चालतं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. नाही चालत. गूळ घातला तरी साखर ती साखरच. ह्यांना मी दोन चमचे मोजून देते, त्यावरून रोज भांडण होतं. असो.

पण थंडी पावाला जेवढी छळते तेवढीच नानकटाईला मानवते. एका सकाळी तुपाच्या बरणीत चमचा घातला तर तूप छान थिजलेलं, रवाळ. साट्यासाठी फेसतो तसं फेसलं तर पाच मिनिटांत पांढरंशुभ्र, हलकं. उन्हाळ्यातल्या पातळ तुपाने नानकटाई पसरते, तिची पोळी होते. फेसता फेसता एकदम कल्याण आठवलं, पारनाक्याजवळचा आमचा वाडा आठवला, आणि ताई.

तेव्हा घराघरांत ओव्हन कुठले? दिवाळी आली की आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून आम्हा दोघींना बेकरीत पाठवायची. ताई 12 वर्षांची, मी 9. बेकरीवाला मोठ्या परातीत सगळं फेसून मळून द्यायचा. ताईचं काम पहारा करायचं, आपलं पीठ दुसऱ्याच्या पत्र्यावर जाऊ नये म्हणून. माझं काम मोजायचं. भट्टीतून लांब दांड्याने पत्रे बाहेर ओढले की लाकडाचा धूर आणि वेलची यांचा एकत्र वास यायचा. (2025च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धूर वाईटच, त्याची बाजू मी घेत नाही. पण तो वास नाकातून जात नाही.) गरम नानकटाई मऊ असते, हातात मोडते. ताई त्यातली एक मला तिथेच द्यायची. घरी आईने मोजल्यावर एक कमी भरली की ताई सांगायची, "भट्टीत मोडली." दर दिवाळीला!

त्या ताईशी मी चार वर्षं बोलले नव्हते. वाडा पाडून इमारत व्हायची होती, सह्या, हिस्से... कोण काय बोललं ते आता लिहीत नाही. माझंही तोंड काही गोड नव्हतं. ती ठाण्याला, मी डोंबिवलीला. मध्ये लोकलची वीस-पंचवीस मिनिटं, आणि चार वर्षं.

त्या दिवशी दीड वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, वाटीभर तूप आणि साखर मात्र पाऊणच वाटी घेतली, कारण ताईलाही मधुमेह. 160 अंशावर वीस मिनिटं. वरून भेगा पडल्या, रंग फिकाच राहिला, म्हणजे जमली. बारा चांगल्या निवडून डब्यात भरल्या. ह्यांनी विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "जरा ठाण्याला जाऊन येते." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, रिक्षा मात्र बोलावून दिली.

गाडीत बायकांच्या डब्यात बसायला मिळालं. मांडीवर डबा, आणि मनात काय बोलायचं याची उजळणी. दिव्यापर्यंत पहिलं वाक्य ठरलं, मुंब्र्याला ते बदललं, कळव्याला सगळंच विसरले. तेवढ्यात डबा उघडून एक खाल्ली. भुकेने नव्हे, तुम्हाला कळेलच!

दार ताईनेच उघडलं. किती वाकलीय. "ये," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते. पाणी दिलं, चहा टाकला. वाड्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. डबा उघडून तिने चष्मा लावला आणि बोटाने मोजायला लागली.

"अकरा? अगं, अकरा कुणी देतं का? बारावी कुठेय?"

"भट्टीत मोडली," मी म्हटलं.

ताईने वर बघितलं नाही. एक उचलली, तिचे दोन तुकडे केले, छोटा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत बसली.

"वेलची कमी पडलीय," म्हणाली.